कर्णबधिर मुलांची शिक्षिका होताना: अमळनेर ते जळगाव

मार्च २०२५ मध्ये माझा सीआरआर नंबर आला. सीआरआर म्हणजे केंद्रीय पुनर्वसन नोंदवही. भारतीय पुनर्वसन परिषद, जिला सगळे आरसीआय म्हणतात, ती ही नोंदवही ठेवते आणि विशेष शिक्षक म्हणून काम करायचं तर तीत नाव असावंच लागतं. नंबर आल्याचं कळलं तसे फोन यायला लागले. "ताई, कोणता कोर्स केला? किती लागले? नोकरी लागते का?" फोनवर अर्धंच सांगून होतं, म्हणून सगळं ओळीने लिहून काढते आहे. ज्यांना फक्त फी आणि कागदपत्रं हवी आहेत त्यांनी मधला भाग सोडून दिला तरी चालेल. पण काम काय असतं ते त्या मधल्या भागातच आहे.

मी अमळनेर तालुक्यातली. मराठी घेऊन बी.ए., लग्नानंतर बरीच वर्षं घरी शिकवण्या. शिकवणीतल्या एका मुलाला कमी ऐकू यायचं. घरचे म्हणायचे लक्ष देत नाही, शाळा म्हणायची डोकं चालत नाही. तपासणीत दोन्ही कानांना मध्यम श्रवणदोष निघाला, यंत्र लागलं आणि पोरगा सहामाहीपर्यंत पाढे म्हणायला लागला. त्यात माझं काही नव्हतं, ते यंत्राने केलं. पण यंत्र लागल्यावर त्याच्याशी बोलायचं कसं, शिकवायचं कसं, हे मला सांगणारं तालुक्यात कुणी भेटेना. तेव्हा हे डोक्यात शिरलं.

आधी वाटलं, स्पीच थेरपिस्ट व्हावं. चौकशी केली तर ते दार बंदच होतं. त्यासाठी बीएएसएलपी ही पदवी लागते: चार वर्षं, शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं, आणि बारावी विज्ञान शाखेतून. ते शिकायला मुंबईला वांद्र्यात अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ सालची. म्हैसूरला त्याहून जुनी वाक्-श्रवण संस्था आहे. श्रवण, भाषा आणि वाचा यांचा एक वर्षाचा डिप्लोमाही आहे, पण त्यालाही विज्ञानच. मी कला शाखेची, घरात दोन पोरं, सासूबाईंचे गुडघे गेलेले. मुंबई-म्हैसूर मनातही आणायचं नव्हतं. उरला डी.एड. विशेष शिक्षण, श्रवणदोष विभाग. दोन वर्षं, बारावी कोणत्याही शाखेतून ५० टक्के, राखीव प्रवर्गाला सवलत. बी.एड. विशेष शिक्षणही चाललं असतं, पण मला लहान मुलांमध्येच काम करायचं होतं आणि बी.एड.ची फी जास्त होती.

एक गोष्ट आत्ताच सांगते, कारण तीवरून पुढे फार गोंधळ होतो. हा कोर्स करून स्पीच थेरपिस्ट होता येत नाही. बोलणं आणि भाषा शिकवणं हा आमच्या कामाचा मोठा भाग आहे, पण निदान करणं, तपासणीच्या अहवालावर सही करणं आणि थेरपिस्ट म्हणून पाटी लावणं आपलं नाही. १९९२ च्या आरसीआय कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय हे व्यवसाय करणं गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाचा आकडा वाचून हसू येतं, पण कैदेचा वाचून येत नाही. आपल्याकडे छोट्या गावांत "वाचा उपचार केंद्र" अशा पाट्या दिसतात. आत बसलेल्या माणसाला त्याचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. मला कुणी विचारला तर मला आवडतं.

प्रवेश २०२२ चा. नोंदणी ऑनलाइन होते आणि परीक्षा एनबीईआर हे राष्ट्रीय मंडळ घेतं, म्हणजे शेजारच्या डी.एड. कॉलेजात जाऊन फॉर्म भरला असं इथे नसतं. केंद्र निवडताना त्याची इमारत, जाहिरात, "शंभर टक्के नोकरी" असले बोर्ड बघू नका. आरसीआयच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी आहे. तीत संस्थेचं नाव आहे का, तुमचाच विभाग आहे का आणि मान्यता तुमच्या बॅचच्या वर्षापर्यंत आहे का, या तिन्ही गोष्टी बघा. मान्यता ठरावीक वर्षांसाठीच असते. आमच्या ओळखीच्या एकीने पैसे भरल्यावर ही चौकशी केली, नाव नाही सांगत.

कागदपत्रं नेहमीचीच: दहावी, बारावी, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेअर, आधार. शिक्षणात खंड होता म्हणून शंभराच्या स्टॅम्पवर गॅपचं प्रतिज्ञापत्र. केंद्रावरच्या क्लार्क भाऊंनी माझी फाइल चाळली आणि म्हणाले, "ताई, बारावीला माहेरचं नाव, आधारवर सासरचं. आत्ता चालेल, पण पुढे सीआरआरला अडकाल. राजपत्र करून ठेवा." मी मान डोलावली. दोन वर्षांनी त्यांचं वाक्य शब्दशः खरं ठरलं, ते पुढे येईलच.

फी दोन वर्षांची, परीक्षा शुल्क धरून, साठ हजारांच्या घरात गेली. हप्ते पाडून मिळाले. शिकवण्यांचे साठवलेले काही, बाकी मिस्टरांनी कापूस विकल्यावर. त्या वर्षी भाव पडेल की चढेल म्हणून निम्मा कापूस घरात ठेवला होता, तो फीसाठी काढावा लागला. नंतर भाव उतरलाच, तेव्हा घरात माझं कौतुक झालं ते शिक्षणासाठी नव्हे.

वर्ग जळगावला. सकाळी गावातून रिक्षाने अमळनेर, तिथून गाडी, धरणगाव-पाळधी करत जळगाव. रेल्वेचा मासिक पास काढा, सगळ्यात स्वस्त तोच. गाडी चुकली की एसटी. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं तेव्हा गाडीमागे धावणं थोडं कमी झालं. हजेरीची अट कडक आहे, शेतीच्या हंगामात "दोन आठवडे येत नाही" चालत नाही, हे घरच्यांना प्रवेशाआधीच सांगून ठेवा. माझ्या सासूबाईंनी गुडघे धरून का होईना स्वयंपाक सांभाळला. शेजारच्या जाऊबाई म्हणायच्या, मुक्यांची शाळा शिकायला रोज जळगाव? त्यांना उत्तर देण्यात मी वेळ घालवला नाही.

पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त घाबरवलं ते श्रवणशास्त्राने. वारंवारता, डेसिबल, कानाच्या आतली रचना, आणि संदर्भाची पुस्तकं बहुतेक इंग्रजीत. पण ऑडिओग्राम, म्हणजे कानाच्या तपासणीचा आलेख, वाचता यायला लागला आणि भीती गेली. उजव्या कानाचं लाल गोल, डाव्याचं निळी फुली. आडवं जाल तसा आवाज बारीक म्हणजे टिपेचा होत जातो, खाली जाल तसा मोठा लागतो. साधं बोलणं साधारण ६० डेसिबलच्या आसपास. म्हणजे ज्याची रेघ ७० च्या खाली उतरली, त्याला यंत्राशिवाय आपलं रोजचं बोलणं पोचतच नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातली व्याख्याही तिथेच आहे: दोन्ही कानांत ७० डेसिबलपासून पुढे कर्णबधिर, ६० ते ७० ला ऐकू कमी येणारा. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाली, हा परीक्षेचा हमखास प्रश्न. मला त्यातला वेगळाच भाग खटकला. माझ्या शिकवणीतला मुलगा ५० डेसिबलचा. त्याला वर्गात मागे बसून काही कळत नव्हतं, पण कायद्याच्या व्याख्येत तो बसत नाही, प्रमाणपत्र नाही, सवलत नाही. अशी मुलं प्रत्येक गावात आहेत आणि ती कुठल्याच यादीत नाहीत.

श्रवणयंत्राचा तास मात्र मला मनापासून आवडायचा. यंत्र कानात घट्ट बसावं म्हणून कानाचा साचा करतात, तो घ्यायला आम्ही एकमेकींवरच शिकलो: आधी दोरा बांधलेला कापसाचा बोळा आत, मग पिठासारखं मळलेलं मिश्रण भरायचं, घट्ट झालं की हलकेच फिरवून काढायचं. बोळा न घालता साचा घेऊ देऊ नका, कुणीही असो. लहान मुलाचा कान वाढतो, साचा सैल होतो आणि यंत्र शिट्टी मारायला लागतं. मग आया काय करतात? यंत्राचा आवाज कमी करून ठेवतात, नाहीतर यंत्र "बिघडलं" म्हणून कपाटात. नुसता साचा बदलायचा असतो. गेल्या दोन वर्षांत कपाटातली किती यंत्रं बाहेर काढली! त्यातली निम्मी फक्त सेलवाचून बंद होती. मोठ्या ताकदीच्या यंत्राला ६७५ नंबरचा सेल लागतो, निळ्या स्टिकरचा. स्टिकर काढल्यावर मिनिटभर उघडा ठेवायचा आणि मग घालायचा, कारण तो हवेवर चालू होतो. सहाचं पाकीट मला अडीच-तीनशेला पडायचं. मजुरीवर जाणाऱ्या बाईला दर महिन्याला हे परवडत नाही, हे फॉर्मवरच्या "पालकांची उदासीनता" या रकान्यात कुणी लिहीत नाही.

आपल्या खान्देशात उन्हाळ्यात पारा ४४-४५ वर जातो. पोराच्या कानामागून घाम वाहतो आणि तो यंत्रात शिरतो. रात्री यंत्र पुसून, सेलचं दार उघडं टाकून, घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिकाच्या पुड्यांसोबत ठेवायचं. त्या पुड्या चपलांच्या खोक्यात फुकट मिळतात. आम्ही गावभर गोळा केल्या.

आता बोलणं शिकवण्याबद्दल. रोज सकाळी सहा आवाजांची चाचणी: आ, ई, ऊ, म, श, स. तोंडापुढे कापड धरून हे आवाज म्हणायचे, मुलाने ऐकू आला की मणी टाकायचा. कापड जाळीचं हवं, हाताने तोंड झाकलं तर आवाजच बदलतो. ऊ आणि म जाड आवाज, स अगदी टिपेचा. काल 'श' ऐकू आला आणि आज नाही, तर आधी सेल बघा, मग साचा, मग सर्दी. पाच मिनिटांत यंत्र, कान आणि मूल तिन्हींची खबर मिळते. ही चाचणी मी आता आयांना पहिल्याच भेटीत शिकवते.

ओठांवरून वाचणं ऐकायला सोपं वाटतं. आरशासमोर उभं राहून आवाज न करता 'पाट', 'माट' म्हणून बघा. ओठ तसेच. क, ख, ग तर ओठांवर दिसतच नाहीत. म्हणून खिडकीकडे पाठ करून उभं राहायचं नाही, चेहऱ्यावर उजेड हवा. फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही. आणि ओठ ताणून-ताणून बोलायचं तर अजिबात नाही, त्याने सगळे ओठ खोटे होतात. साध्या शाळेतल्या शिक्षकांनी एवढं पाळलं तरी मागच्या बाकावरची बरीच मुलं पुढे येतील.

पहिल्या वर्षाच्या वैयक्तिक पाठांत मला एक सात वर्षांची मुलगी मिळाली. दोन्ही कानांत ७५ डेसिबलचा दोष, यंत्र पाचव्या वर्षी लागलेलं. चित्रकार्डं दाखवून उच्चार नोंदवायचे होते. डोळा दाखवला, ती म्हणाली "डोया". शाळा, "शाया". केळं दाखवलं तर "केय". ळ असलेली सगळी कार्डं अशीच. साखर दाखवली तर "आखर". नमुन्याप्रमाणे अहवाल तयार झाला: ळ च्या जागी य, ण च्या जागी न, स चा लोप. निरीक्षक मॅडमनी ळ वर दहा पाठ काढायला सांगितले. त्या पुण्याकडच्या, कामात अतिशय चोख, त्यांच्याकडून मी खूप शिकले.

पण मी अमळनेरची. माझ्या सासूबाई आमच्या अहिराणी बोलीत जन्मभर "डोया" म्हणत आल्या आहेत. शनिवारी मुलीची आई न्यायला आली तेव्हा तिला तीच कार्डं दाखवली. डोया. शाया. केय. पानी. आणि साखरेला मात्र स्वच्छ "साखर". म्हणजे मुलीचा ळ बिघडलेला नव्हताच. यंत्र लावून, फुटक्या कानांनी, तिने आईचं बोलणं जसंच्या तसं उचललं होतं. ते तिच्या ऐकण्याचं यश होतं आणि आम्ही ते दोषाच्या रकान्यात लिहिलं होतं. खरं काम स चं होतं, कारण तो आवाज तिच्या यंत्राच्या पोचेपलीकडे जात होता. दहा पाठ तिथे लावायचे होते.

आईची परवानगी घेऊन तिचं बोलणं मोबाइलवर घेतलं आणि मॅडमना ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पण बालभारतीच्या पुस्तकात डोळाच छापलेला आहे. ही लिहिणार काय?" प्रश्न बरोबर होता. अहिराणी बोलणारी ऐकती मुलंसुद्धा पहिलीत हाच खड्डा ओलांडतात, त्यांना कुणी थेरपीला पाठवत नाही एवढंच. शेवटी असं ठरलं: बोलण्यात घरचा उच्चार ग्राह्य, वाचन-लेखनात पुस्तकातला, आणि अक्षर म्हणून ळ ओठ-जिभेसह दाखवायचा. माझ्या फाइलीत मी "घरची बोली" असा एक रकाना स्वतःच आखला. आई, आजी, भावंडं तो शब्द कसा म्हणतात ते त्यात. मग मुलाचा उच्चार. दोन्ही सारखे असतील तर हात लावायचा नाही. बाह्य परीक्षकांनी तोंडी परीक्षेत त्या रकान्यावर थांबून विचारलं होतं, गुण किती दिले ते कळलं नाही.

याच्याच पुढची गोष्ट. आयांना आपण सर्रास सांगतो, घरी शुद्ध मराठीत बोला, एकच भाषा ठेवा. त्या मुलीची आई मला म्हणाली होती, "मॅडम, आम्ही घरमा अहिरानीच बोलतस. पोरले शुद्ध बोलनं शिकाडा." आणि मग मुलीशी माझ्यासमोर बोलायची वेळ आली तर बिचारी गप्प. शुद्ध सुचेना, अहिराणीची लाज. ज्या मुलीला दिवसभर जास्तीत जास्त बोलणं कानावर पडायला हवं, तिच्याशी आईच तोलूनमापून दोन शब्द बोलणार असेल तर ते यंत्र कशासाठी? मी सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बारीक पोऱ्यासंगे पुस्तकनी भाषा कोन बोलस?" तेव्हापासून माझा नियम पक्का आहे. भाकरी थापताना, पाणी भरताना, वेणी घालताना, जे करते आहे ते मुलाच्या तोंडासमोर येऊन आपल्याच बोलीत बोलायचं. "हाई काय शे?" विचारायचं आणि उत्तराची वाट बघायची. कर्णबधिर मुलाला उत्तर जुळवायला वेळ लागतो आणि आपण फार लवकर पुढचा प्रश्न टाकतो.

दुसऱ्या वर्षाच्या इंटर्नशिपला एका निवासी शाळेत होते. तिथे माझा सगळा तोरा उतरला. वर्गात आम्ही बोलणं शिकवायचो आणि मधल्या सुट्टीत मैदानावर हातांनी असा काही गलका चालायचा की मला एक अक्षर कळत नसे. मुलांनी पहिल्याच आठवड्यात माझं नाव ठेवलं, हनुवटीवरच्या तिळावर बोट. तेच माझं नाव, अजून. भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीला २०१५ मध्ये स्वतंत्र संशोधन व प्रशिक्षण केंद्र झालं, त्यांच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द झाले, मोबाइलवर बघता येतात. मी रात्री बघून यायचे आणि सकाळी मुलं मला सांगायची, बाई, हे असं नाही, आमच्याकडे असं. मोठ्या मुलांची खूण वेगळी, पुस्तकातली वेगळी. बोलणं आधी की खुणा आधी, यावर आमच्या क्षेत्रात मोठी माणसंही भांडतात. माझं मत, जे मूल दहाव्या वर्षी पहिल्यांदा शाळेत आलं आणि ज्याच्याकडे यंत्रही नाही, त्याला आधी खुणांची भाषा द्या. बोलण्याची वाट बघत त्याला भाषेशिवाय ठेवू नका.

वर्गातला सगळ्यात रंगलेला पाठ शिकरणाचा. आमच्या पद्धतीत निर्देशित कृती नावाचा पाठ असतो: मुलांसोबत एखादी वस्तू करायची आणि करता करता भाषा काढायची. बहुतेक जण लिंबू सरबत करतात. जळगाव जिल्ह्यात केळी सोडून लिंबू कशाला? सोल, काप, घाल, ढवळ, गोड, चिकट, संपलं, अजून दे. 'अजून दे' शिकवावं लागलं नाही. खर्च ऐंशी रुपये, आणि त्या दिवशी ज्या मुलाने कधी तोंड उघडलं नव्हतं त्याने वाटी पुढे करून आवाज काढला.

याच शाळेत धडगावकडची दोन भावंडं होती, घरी पावरी बोलणारी. त्यांचे वडील होळीला न्यायला आले. सातपुड्यात होळीला पोरं घरी जाणारच, उगाच अडवू नये, आणि महिन्याच्या नियोजनातच ते दिवस सोडून ठेवावेत. माझा "घरची बोली" रकाना त्या दोघांपुढे कोराच होता. वडिलांना शेजारी बसवलं, शंभरेक चित्रं दाखवली आणि त्यांनी सांगितलेले शब्द देवनागरीत लिहून घेतले. अर्धी दुपार गेली. त्यांना वाटलं शाळेत माझंच शिक्षण चालू आहे, आणि ते खरंच होतं.

आया हमखास विचारतात तो प्रश्न कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रिया करून कानात बसवायच्या यंत्राचा. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेत त्यासाठी सात लाखांपर्यंत मदत मिळते आणि नोडल संस्था वांद्र्याचीच अली यावर जंग. जन्मजात बहिऱ्या मुलाची शस्त्रक्रिया पाच वर्षांच्या आत व्हावी लागते. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात आधी जा, तिथून पुढचा रस्ता कळतो. पण ऑपरेशन झालं म्हणजे मूल बोलायला लागलं असं नाही. त्यानंतर दीड-दोन वर्षं तरी रोजची मेहनत आहे, आणि ती कुठल्या गावात, कोण करून घेणार, हे आधी ठरवा.

परीक्षा २०२४ च्या उन्हाळ्यात झाली. लेखीपेक्षा फाइलींनी जीव घेतला: पाठ टाचणं, निरीक्षणं, मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, साहित्य. फाइली, चार्टपेपर, प्रिंट यात दोन वर्षांत बारा-तेरा हजार गेले. रोजचं रोज लिहा आणि प्रत्येक पानावर सही त्याच आठवड्यात घ्या, नंतर मॅडम बदलून जातात. निकाल ऑक्टोबरात लागला. गुणपत्रिका हातात यायला दिवाळी उलटली.

मग सीआरआरचा अर्ज. ऑनलाइनच आहे: दहावी-बारावी, दोन्ही वर्षांच्या गुणपत्रिका, उत्तीर्ण प्रमाणपत्र, फोटो, सही, आधार. आणि तिथेच नाव अडकलं. क्लार्क भाऊंना फोन केला, ते हसले नाहीत हे त्यांचे उपकार. राजपत्रात नाव बदलायचा अर्ज आता घरबसल्या होतो, विवाह नोंदणी प्रमाणपत्र लागतं. माझं लग्न नोंदवलेलं नव्हतं. मग ग्रामपंचायतीत लग्नपत्रिका, भटजी, साक्षीदार, सगळ्यांच्या सह्या, लग्नानंतर चौदा वर्षांनी. सेवा केंद्राचे धरून चौदाशेच्या आसपास खर्च आणि डिसेंबर-जानेवारी त्यातच गेला. राजपत्राची प्रत जोडून अर्ज पुन्हा चढवला, मार्चमध्ये नंबर आला. मुलींनो, लग्नाची नोंदणी आणि राजपत्र पहिल्या वर्षाच्या सुट्टीतच करून टाका. सीआरआर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी मान्यताप्राप्त कार्यशाळांचे गुण जमवावे लागतात. पावत्या आणि प्रमाणपत्रं पहिल्या दिवसापासून एका फाइलीत ठेवा.

नोकरीचं विचाराल तर, सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर प्रमाण ठरलं आहे, प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, माध्यमिकला पंधरामागे एक. २०२४ मध्ये आपल्या राज्यात शाळांच्या केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदं मंजूरही झाली. कागदावर जागा भरपूर, भरती होईल तेव्हा. टीईटीची तयारी सोडू नका. मी सध्या एका विशेष शाळेत मानधनावर आहे, दहा हजार महिना, सुट्टीत अर्धं. शिकवण्यांत याहून जास्त मिळायचे, हे मिस्टर दर महिन्याला एकदा सांगतात. रविवारी अमळनेरला घरीच सकाळी दोन तास आयांसाठी ठेवले आहेत: यंत्र तपासणं, साचा सैल झाला का बघणं, सहा आवाज. फी घेत नाही, उपचार करत नाही, अहवाल देत नाही. येताना यंत्र, जुना ऑडिओग्राम आणि जमलं तर आजीला घेऊन या. त्या रकान्यासाठी आजीचे उच्चार फार उपयोगी पडतात.